पटवे आळीत शून्य

“दांड्या कुठल्या बाजूला, तात्या?”

“वर. आता उजवीकडे. आता खाली. पुढची ओळ घ्या डॉक्टर, ही पोरांची आहे.”

आमचे मामंजी ओट्यावर ताठ बसले होते. एका डोळ्यावर हात ठेवून समोरच्या भिंतीला टांगलेल्या पांढऱ्या तक्त्यावरची चित्रं वाचत होते. चित्रं म्हणजे काय, तीन दांड्यांचा फणा, कधी वर तोंड केलेला, कधी खाली. मुंगीएवढ्या फण्यांची शेवटची ओळसुद्धा त्यांनी आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्याने घडाघडा म्हणून दाखवली. पण एवढ्यावर थांबतील तर ते नरहर पटवेकर कसले. त्यांनी कोपरीच्या खिशातून बारीकातली बारीक सुई काढली, रेशमाचं टोक ओठांनी ओलं केलं आणि चष्म्याशिवाय पहिल्या खेपेला ओवली. वय सत्तरीच्या पुढचं. ओट्याभोवती जमलेल्या आळीने माना डोलावल्या. डॉ. सबनीस हसून म्हणाले, “तुम्हाला पुढच्या तपासणीची गरजच नाही.”

मामंजी उठले आणि त्यांचा पाय मी डावीकडे आणून ठेवलेल्या चहाच्या ट्रेवर पडला. दोन कप फुटले, चहा पायरीवरून खाली गेला. ट्रे काही लपवून ठेवलेला नव्हता, चांगला लाल रंगाचा होता.

“वय झालं आता,” कोणीतरी म्हणालं.

माझं डोकं तिथेच सणकलं. सुई ओवली तेव्हा वय कुठे गेलं होतं? आणि मुंगीएवढी चित्रं ज्याला दिसतात त्याला परातीएवढा ट्रे दिसत नाही, याचं कुणालाच काही वाटू नये?

या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. आता मीच म्हातारपणाला टेकले आहे, पण ही हकीकत सांगायला बसले की आवाज चढतोच. सून म्हणते, “आई, आधी बीपीची गोळी घ्या आणि मग सांगा.” घेते बाई. तरी चढतो.

आमच्या पेठ सोनवड्याला सराफांचा मोठा बाजार, आणि बाजाराच्या मागे आमची पटवे आळी. सोनाराने मणी घडवायचे, सराफाने विकायचे, आणि ते रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून त्याचा दागिना करायचा तो पटवेकऱ्याने. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, मान खाली घालायची आणि वीतभर जागेत दिवस काढायचा. सकाळी सराफ आळीत फेरी मारून ओट्याओट्यावर मणी तोलून द्यायचे आणि तयार माळा तोलून न्यायचे. माझे वडील जातीने पटवेकरीच, पण साताऱ्यात शाळामास्तर. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं नवीन होतं, आणि आळीचा रुबाबही नवीन होता. “पटव्याच्या डोळ्याला रोग नाही,” असं इथली शेंबडी पोरंसुद्धा म्हणायची.

त्या साली एका मोठ्या दवाखान्याची माणसं गावात पाहणी करायला आली. म्हातारपणी डोळ्यांचे जे आजार होतात ते कुठल्या लोकांत जास्त, कुठल्या लोकांत कमी, आणि का, हे त्यांना बघायचं होतं. कोष्टी आळी, तांबोळी आळी, कुंभारवाडा आणि आमची पटवे आळी अशा चार वस्त्या त्यांनी धरल्या. घरोघर जायचं, पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला तक्ता वाचायला लावायचा. तक्त्यावरची चौथी ओळ ज्याला वाचता आली नाही, त्याला शाळेत मांडलेल्या मोठ्या यंत्रापाशी बोलवायचं. वाचता आली तो सुटला. बायकांनी दार उघडावं म्हणून बरोबर गावातलीच एखादी शिकलेली बाई हवी होती. मी बारावी झालेली आणि तोंडाने फटकळ, म्हणून मला घेतलं.

डॉ. सबनीस माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. कोष्टी आळीत एका आजीबाईंना शाळेत नेलं होतं. परत सोडायला जाताना डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं.

“मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढलं, नवं बसवलं की दिसायला लागतं. या आजींना मोतीबिंदू आहेच, पण यंत्राखाली बघितलं तर काचबिंदूही निघाला. तो खरा चोर. डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. कडेकडेने नजर खातो आणि मधली सगळ्यात शेवटी. दुखत नाही, खुपत नाही. गेलं ते परत येत नाही.”

“मग काय, कपाळाला हात लावून बसायचं?”

“नाही हो. वेळेवर कळलं तर थेंब आहेत, ऑपरेशन आहे. उरलं असेल तेवढं टिकवता येतं.”

हे माझ्या चांगलं लक्षात राहिलं होतं. म्हणून फुटलेले कप गोळा केले आणि गल्लीच्या टोकाला मी डॉक्टरांना गाठलं.

“डॉक्टर, तो काचबिंदू कडेने खातो म्हणालात ना?”

“हो.”

“मग मधलं बघून तो कसा कळणार? आमच्या मामंजींना मधलं लख्ख दिसतं. बाजूचं दिसत नाही. त्यांना यंत्रापाशी न्या.”

ते थबकले. त्यांना पटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं मला. पण म्हणाले, “वहिनी, नियम चारी वस्त्यांना सारखाच हवा. एका आळीत वेगळा नियम लावला तर तुलना कशाशी करणार?”

“तुलना राहू द्या. माणूस बघा.”

“तात्यांना बोलावलं तर उद्या सगळ्या आळीला बोलवावं लागेल.”

“मग बोलवा.”

ते पुढच्या दाराकडे वळले. पुढचं दार पारखे अण्णांचं, म्हणजे आमच्या पटवेकरी समाजाच्या अध्यक्षांचं. तिथे माझ्या रागात आणखी तेल पडलं.

आमच्या आळीत एक रीत होती. म्हातारा माणूस काम सोडतो तेव्हा तो थकला असं म्हणायचं नाही. माळेला बसला, असं म्हणायचं. आपल्या हाताने शेवटची एक तुळशीची माळ ओवायची, समाजाने शाल घालायची, आणि त्या दिवसापासून देवघराशेजारच्या खोलीत नामस्मरण करत बसायचं. उंबरा ओलांडायचा नाही आणि परक्या माणसाने आत जायचं नाही. मोठा मान होता तो. सुरुवातीला मलाही वाटायचं, काय ही देवभोळी माणसं. पण एका दसऱ्याला मी पारखे अण्णांच्या वडिलांच्या, बापूंच्या पाया पडायला आत गेले. बापूंनी आशीर्वादाला हात उचलला आणि माझ्या डोक्याशेजारी हवेत ठेवला. मग चाचपडत चाचपडत तो हात माझ्या केसांपर्यंत आला. मी अण्णांच्या बायकोकडे बघितलं तर ती बाई भिंतीकडे बघत होती.

डॉक्टर दारात आले तेव्हा अण्णा हात जोडून उभे राहिले.

“घरात पन्नाशीपुढचं कोण कोण?”

“मी आणि आमची मंडळी.”

“आणि तुमचे वडील?”

“बापू माळेला बसलेत. त्यांना उठवता येत नाही.”

डॉक्टरांनी मान लववली आणि मदतनिसाला सांगितलं, “घरी नाहीत म्हणून टाका.”

मी म्हटलं, “घरी नाहीत कसे? कैक वर्षांत घराबाहेर पडलेले नाहीत ते. त्यांच्याइतकं घरी गावात कोणी नसेल.”

“शरयू,” अण्णांनी मला नावाने हाक मारली, “घरी जाऊन फुटलेल्या कपांचं बघ.”

आणि डॉक्टर हळूच म्हणाले, “वहिनी, धर्माच्या गोष्टीत आम्ही पडत नाही.”

धर्म कसला डोंबलाचा. त्या दिवशी आणखी तीन घरांत तेच झालं. माळेला बसलेत, घरी नाहीत. जे वाचू शकत होते त्यांनी तक्ता वाचला आणि सुटले. जे वाचू शकले नसते त्यांना कुणी बघितलंच नाही. पाहणी संपली. आठ-दहा दिवसांत आळीत बातमी आली की चार वस्त्यांत एकच वस्ती अशी निघाली जिथे डोळ्यांचा एकही रोगी नाही, आणि ती आपली. अण्णांनी लगेच समाजाच्या कार्यालयात कार्यक्रम ठरवला. डॉक्टर बोलणार आणि आळीतल्या सगळ्यात तेज नजरेच्या म्हाताऱ्याचा सत्कार होणार. तो म्हातारा कोण, हे सांगायला नको.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मामंजी सराफ बाजारातून आले ते गुडघा फोडून घेऊन. डावीकडून सायकल आली होती.

“आजकालची पोरं घंटी वाजवत नाहीत,” ते म्हणाले.

मी गरम पाण्याने जखम धुतली, हळद दाबली. मग स्वयंपाकघरातून आमटीची पळी आणली आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले.

“मामंजी, माझ्या नाकाकडे बघा.”

“हे काय नवीन?”

“बघा तर. नजर हलवायची नाही. पळी दिसली की सांगा.”

मी पळी त्यांच्या डाव्या कानापाशी धरली आणि हळूहळू पुढे आणत गेले. ती गालासमोर आली, खांद्याच्या पुढे आली. ते माझ्या नाकाकडेच बघत होते. पळी माझ्या तोंडासमोर आली तेव्हा म्हणाले, “आता दिसली.” उजवीकडून केलं, तेच. आमचे हे दारात उभे होते. त्यांना बसवून तसंच केलं, तर त्यांना ती कानाजवळच दिसली. ते उठले आणि बाहेर गेले. आमचे हे बोलण्याच्या वेळी नेहमी बाहेर जातात.

“कधीपासून, मामंजी?”

त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून घेतला.

“मला कळलं त्याच्या कितीतरी आधीपासून असणार. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. नळीत येतं ते लख्ख दिसतं, म्हणून काम अडलं नाही.”

“आणि कुणाला बोलला नाहीत?”

“कुणाला बोलू? सराफाला? तो मणी तोलून देतो आणि माळ तोलून घेतो. एखादा मणी मांडीवरून घरंगळला आणि मला दिसला नाही, तर वजनात कमी येणार. एकदा आलं तर चूक म्हणतील. दुसऱ्यांदा आलं तर चोर. आणि पटव्याच्या डोळ्याला रोग असतो हे एकदा बाजारात कळलं की माझंच नाही, सगळ्या आळीचं काम जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, सूनबाई.”

“मूठ झाकता झाकता डोळे चाललेत तुमचे.”

“जाऊ देत. सत्कार झाला की मी माळेला बसणार आहे. अण्णाशी बोलणं झालंय. माळसुद्धा ओवून ठेवलीय.”

मला एकदम दसऱ्याचा तो हवेतला हात आठवला. “म्हणजे बापू? आणि ते बाकीचे?”

“बापूंनी मला ओवायला शिकवलं,” एवढंच ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाकुणावर रागवायचं तेच कळेना. अण्णांवर, त्या सराफांवर, नियमवाल्या डॉक्टरवर, की या समोर बसलेल्या हट्टी म्हाताऱ्यावर, ज्यांनी मला लेकीसारखं वागवलं आणि आता माझ्या डोळ्यांदेखत अंधारात जाऊन बसायला निघाले होते, वर शाल पांघरून.

“मामंजी, डॉक्टर म्हणालेत, गेलेलं येत नाही, पण उरलेलं टिकतं. थेंब घालायचे असतात नुसते. अजून मधलं आहे तुमचं. ते जायच्या आत चला.”

“कुणी बघितलं जाताना तर?”

“बघू देत.”

“शरयू, तू बाहेर बोललीस तर मी या घरात पाणी पिणार नाही,” ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मी पळी घेऊन आत गेले आणि ओट्यावर आपटली.

कार्यक्रमाला कार्यालय खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत सराफ, मागे आळीतले पुरुष, बाजूच्या सतरंजीवर आम्ही बायका. मामंजी व्यासपीठावर मधोमध, नवीन धोतर, कपाळाला गंध.

डॉ. सबनीस बोलायला उभे राहिले. कोष्टी आळीत पन्नाशीपुढच्या दर पाच माणसांत एकाला नजरेचा मोठा आजार, तांबोळी आळीत त्याहून थोडा कमी, कुंभारवाड्यात मोतीबिंदू फार, असं सांगत सांगत ते आमच्यापाशी आले.

“आणि पटवे आळीत शून्य. एकही नाही. असं का, हे आम्हालाही शोधायचं आहे. रक्तात काही असेल, लहानपणापासून बारीक कामाची सवय असेल.”

टाळ्या थांबेनात. अण्णांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. “रक्तच तसं आहे आमचं,” ते म्हणाले आणि पुढच्या रांगेकडे बघून हसले. “सराफ मंडळींनी निर्धास्त असावं.”

मग मामंजींनी सुई ओवून दाखवली. पुन्हा टाळ्या. डॉक्टर शाल आणि नारळ घेऊन पुढे आले, ते नेमके डाव्या बाजूने. नारळ पुढे करून उभे राहिले. मामंजी समोर बघत, हसत, हात जोडून उभे. डॉक्टरांनी नारळ आणखी पुढे केला. मामंजी समोरच बघतायत. पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अण्णा घाईने म्हणाले, “तात्यांचा स्वभाव असाच, मान घ्यायला लाजतात.” आणि त्यांनी मामंजींचा हात धरून नारळावर नेऊन ठेवला.

हे बघितलं आणि मला बसवेना. पाणी पिणार नाहीत तर नाही पिणार, म्हटलं, तहान लागली की पितील.

“डॉक्टर,” मी सतरंजीवरून उभी राहिले, “तुमच्या त्या शून्यात माळेला बसलेली माणसं धरली आहेत का?”

कार्यालयात कुजबूज सुरू झाली. शेजारच्या काकूंनी माझा पदर ओढला.

“नरहरतात्या,” अण्णा म्हणाले, “सुनेला आवरा.”

“मला कशाला आवरताय? डॉक्टर, चार घरांत चार माणसं आहेत. तुम्ही त्यांना घरी नाहीत असं लिहिलंत. एकदा दिवा घेऊन त्यांच्या डोळ्यांत बघा आणि मग सांगा शून्य. आणि आत्ता तुम्ही नारळ घेऊन कुठल्या बाजूला उभे होतात, तेही सांगा.”

“सूनबाई, खाली बस,” मामंजी म्हणाले.

“नाही बसणार.”

“बस. मी बोलतो.”

ते असं म्हणाले म्हणून मी बसले. मामंजींनी नारळ टेबलावर ठेवला. आधी डावीकडे पूर्ण मान वळवून डॉक्टरांना बघितलं, मग उजवीकडे पूर्ण मान वळवून अण्णांना.

“सून खोटं बोलत नाही. मला समोरचं तेवढं दिसतं. बाजूचं गेलंय. माझं असं आहे, बापूंचं असंच झालं होतं, आणि मला कामाला लावणाऱ्या आधीच्या पिढीचंही असंच झालं होतं. आम्ही कुणी हौसेने लपवलं नाही, भीतीने लपवलं.” मग ते पुढच्या रांगेकडे वळले. “शेठ, तुमच्या दुकानासाठी मी पन्नासेक वर्षं ओवतोय. सोन्याच्या सरात पितळेचा मणी कधी घातला का मी? आज हे शून्य माझ्या नावावर माझ्या तोंडासमोर सांगितलं, ते मला घेववेना. काम द्यायचं असेल तर हे जाणून द्या. नाही दिलंत तर तुमची मर्जी.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सराफ उठून जायला लागले. अण्णा माझ्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाले, “आळीच्या पोटावर पाय दिलास.” मी म्हटलं, “पोटावर पाय मी नाही दिला अण्णा. तुम्ही माणसं आत कोंडलीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. सबनीस स्वतः आमच्या दारात आले आणि मामंजींना शाळेत घेऊन गेले. यंत्र अजून तिथून हललं नव्हतं. यंत्राला हनुवटी टेकवून, दाब मोजून, थेंब घालून, बराच वेळ त्यांनी दोन्ही डोळे बघितले. मग खुर्ची मागे सरकवून बसले.

“तात्या, खूप गेलंय. पण मधलं अजून आहे आणि ते राखता येईल. रोज थेंब घालायचे. एक दिवस चुकवायचं नाही.”

“ओवता येईल?”

“येईल.”

मला रडू आलं म्हणून मी खिडकीशी गेले. पुढचं सांगून टाकते: मामंजी शेवटपर्यंत ओवत होते. निम्म्या सराफांनी काम बंद केलं, निम्म्यांनी केलं नाही. आळीतल्या काही बायका माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. आणि त्याच बायका दुपारची आळी निजली की आपापल्या नवऱ्याला, सासऱ्याला मागच्या बोळातून शाळेकडे घेऊन जाताना मी बघितल्या.

पण त्या सकाळी खुर्चीतून उठताना मामंजी डॉक्टरांना म्हणाले, “आता बापूंकडे चला.”

“ते माळेला बसलेत ना?”

“मी त्यांचा शिष्य आहे. मला कोणी अडवणार नाही.”

पण अडवलंच. अण्णा दारात आडवे उभे राहिले. “तात्या, काल केलंत तेवढं पुरे झालं. बापूंच्या नामस्मरणात विघ्न नको.” मामंजी काही म्हणणार तेवढ्यात आतून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

“अण्णा, कोण आलंय? नरहर का?”

“हो बापू,” मामंजी म्हणाले. “बरोबर डोळ्यांचे डॉक्टर आहेत.”

“येऊ दे.”

अण्णा बाजूला झाले. खोलीत एक चटई, एक कोनाडा, आणि वर एवढीशी खिडकी. बापू भिंतीला पाठ लावून बसले होते. डॉक्टर त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, दिवा लावला, एक डोळा बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला. दिवा बंद केला तरी ते उठेनात.

“काय आहे?” बापूंनी विचारलं.

“काचबिंदू आहे, बापू. आता काही करता येणार नाही. फार उशीर झाला.”

“आधी दाखवलं असतं तर?”

डॉक्टर अण्णांकडे बघायला लागले. मी म्हटलं, “त्यांच्याकडे काय बघताय? बापूंनी विचारलंय.”

“आधी दाखवलं असतं तर थेंब होते,” डॉक्टर म्हणाले. बापूंनी विचारलं, “मी इथे बसलो तेव्हा होते का?” डॉक्टर म्हणाले, “होते.”

बापूंची बोटं नुसती मांडीवर फिरत होती.

“अण्णा,” ते म्हणाले, “मला शाल घातलीत त्या दिवशी मधलं दिसत होतं रे मला. तुझं तोंड दिसत होतं. धाकट्या नातीला मांडीवर घेतली तर तिच्या नाकातली चमकी दिसायची. ते सगळं मी इथे बसल्यावर गेलं.”

अण्णा उंबऱ्यावर बसले. बापूंनी भिंतीचा आधार घेतला आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठायला लागले. मामंजी सावरायला पुढे झाले, तसा बापूंनी त्यांचा दंड घट्ट धरला.

“नरहर, मला बाहेर ओट्यावर ने,” ते म्हणाले. “सराफांची येण्याची वेळ झाली असेल.”